डाव्या पायाची साक्ष

मी एक जुना लाकडी पाय आहे. दचकू नका मित्रांनो! जोडे शिवणारे कारागीर ज्याच्यावर चामडे ताणून बुटाला आकार देतात, तो फर्मा मी. दुकानात मिळणाऱ्या फर्म्यांना नंबर असतात. मला नंबर नाही, कारण मला एकाच मुलीच्या डाव्या पायावरून घडवले आहे. आता मी थकलो आहे, तेव्हा गोष्ट जरा सावकाश सांगेन.

ती मुलगी सोळा वर्षांची असताना आईचा हात धरून आमच्या दुकानात आली. लहानपणीच्या आजारामुळे तिचा उजवा पाय आखूड राहिला होता. बाजारातला कोणताही जोड तिच्या दोन्ही पायांना धड बसत नसे. आमच्या जोडेवाल्या काकांनी तिचे पाय कागदावर ठेवून पेन्सिलीने रेखले, फितीने घोटे मोजले आणि महिनाभर खपून आम्हाला कोरले. मी डावा. माझा जोडीदार उजवा, माझ्याहून दोन बोटे आखूड. काकांनी आम्हाला काकूंपुढे धरले आणि म्हणाले, "बघ, आता चालायला लागतील!" त्या कौतुकावर मी पुढची वीस वर्षे काढली.

मुलगी मोठी झाली, बसमध्ये कंडक्टर झाली. दिवसभर उभ्याने तिकिटे फाडायची म्हणजे बूट किती टिकणार? दर दीड वर्षाने ती यायची आणि आम्हाला खुंटीवरून खाली काढले जायचे. अशा चाळीस जोड्या दुकानात होत्या. कुणाची बोटे वाकडी, कुणाची टाच उचललेली, कुणाचा तळवा बसलेला. दिसायला आम्ही सगळेच गबाळे, तेलाने काळे पडलेले. ओळख नसलेल्या माणसाने आम्हाला जळण समजावे, यात त्याचा फारसा दोष नाही.

एकदा लाकडांना कीड लागली. काकांनी सगळ्यांना गोण्यांत भरले आणि उन्हात पसरण्यासाठी बाहेर भिंतीशी नेऊन ठेवले. माझ्यावर कंडक्टरबाईंचा नवा बूट अर्धा चढला होता, म्हणून मी तेवढा आत राहिलो. शेजाऱ्यांनी त्याच भिंतीशी फुटक्या खुर्च्या टाकल्या होत्या. काका अंथरायला जुनी चादर शोधत होते, तेवढ्यात कचरागाडी येऊन गेली. सुक्याबरोबर ओलेही जळते म्हणतात, तसेच झाले. काका धापा टाकत कचऱ्याच्या भट्टीपाशी पोहोचले, तेव्हा तिथे राख होती.

त्या दिवशी काका जेवले नाहीत. "दुकान बंद करू या," ते काकूंना म्हणाले. "चाळीस जोड्या पुन्हा कोरायला लाकूड कुठून आणू?"

"आधी भरपाई मागा," काकू म्हणाल्या. "चूक कचरागाडीवाल्यांची आहे. लाकूड त्यांनी द्यावं."

मग मला नमुना म्हणून फडक्यात गुंडाळून पालिकेच्या कचेरीत नेले. एकदा नव्हे, पाच वेळा. काकांनी त्या कचेरीचे उंबरठे झिजवले. कारकून वाईट नव्हता, पण त्याच्या अर्जाला रकाने होते.

"खरेदीची पावती?"

"पावती कसली साहेब? मी हातानं कोरलेत."

"बरं, बाजारभाव?"

"बाजारात मिळत नाहीत हो असले."

"आजोबा, जे बाजारात मिळतच नाही, त्याचा भाव मी काय लिहू?" असे म्हणत त्याने मला उचलले आणि पंख्याने उडणाऱ्या कागदांवर ठेवले. मित्रांनो, वीस वर्षांच्या नोकरीनंतर मला ही बढती मिळाली.

शिवाय गोण्या कचरागाडीनेच नेल्या याचा पुरावा हवा होता. पाचव्या खेपेला कचरागाडीवरच्या मावशी स्वतःच आल्या.

"गोण्या मी उचलल्या," त्या म्हणाल्या. "जड लागल्या होत्या. उघडून बघायला हवं होतं, नाही बघितलं."

"मावशी, पगार कापतील," कारकून हळूच म्हणाला.

"कापू देत. पण बाबांना खोटं पाडू नका."

त्यांचा दोन दिवसांचा पगार कापला गेला, आणि अर्ज मंजूर झाला. भाव लावला जुन्या लाकडाचा, वजनावर. एवढ्या भरपाईत लाकडाचे दोन ठोकळे आले. काका कितीतरी वेळ ते ठोकळे मांडीवर घेऊन बसले होते. कुणाचा पाय आधी कोरायचा? शेवटी माझ्यावरचा अर्धा बूट पाहून त्यांनी कंडक्टरबाईंना निरोप धाडला. मला वाटले, माझा जोडीदार परत येणार.

"बस पोरी, उजवा पाय ठेव," काका म्हणाले. कागदावर रेघ ओढून झाली. बाई मात्र उठेनात.

"काका, डाव्याचंही माप घ्या ना."

"त्याचा फर्मा आहे की! तोच तर वाचलाय."

बाई घुटमळल्या. "तो चावतो काका. सात-आठ वर्षं झाली."

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही दर वेळी त्याला किती कौतुकानं बघायचात. कसं बोलू?"

काकांनी तिचा डावा पाय कागदावर ठेवला, रेखला आणि त्या रेघेवर मला उभे केले. अंगठ्याच्या हाडापाशी रेघ माझ्या चांगली बोटभर बाहेर होती. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. काकांनी माझ्यावरचा अर्धा बूट उसवून काढला, चामड्याचा एक तुकडा कापला आणि माझ्या कडेला ठोकायला घेतला.

"अहो, दुकान बंद करायचं होतं ना?" काकूंनी विचारले.

"आधी सगळ्यांना बोलावून घे," काका म्हणाले. "कुणाकुणाला काय चावतंय ते तरी विचारू. एक ठोकळा अजून शिल्लक आहे."

मित्रांनो, दुसऱ्याची गोणी उचलण्याआधी ती उघडून बघा. वस्तू हरवलेल्या माणसाला भाव विचाराल, तेव्हा ती कशासाठी होती तेही विचारा. एवढेच मागणे मागून मी थांबलो असतो. पण खिळे अंगात शिरत होते तेव्हा मला त्या बसमधल्या आठ वर्षांची आठवण झाली. तिथे ती रोज उभी होती, माझ्या बेतावर शिवलेल्या बुटात. त्या दुखण्याची भरपाई माझ्याकडून येणे होती, आणि तिने कधी अर्जसुद्धा केला नाही.