पहिल्या मानाचा पाय

भैरोबाच्या यात्रेत पन्नास-साठ माणसं विस्तवावरून चालत जात आणि दुसऱ्या दिवशी आरोग्य उपकेंद्रात त्यांतलं एकही फिरकत नसे. गावाला याचा कोण अभिमान! आम्रपालीला मात्र नेमकी याचीच चीड यायची. नर्स म्हणून तिला इथं चार वर्षं झाली होती, आणि भाजलेले पाय आठ-दहा दिवसांनी, वास सुटल्यावर, मागच्या दारानं येतात हे तिला पाठ झालं होतं. ज्याचा पाय पोळला त्याच्या मनात खोट, असं गाव मानायचं. मग कोण कशाला सांगेल? घरीच फोडावर अंगारा दाबायचा, वरून फडकं बांधायचं आणि चारचौघांत न लंगडता हिंडायचं, असा सगळा कारभार.

यंदा ती यात्रेच्या आठ दिवस आधीच देवस्थान कमिटीपुढं जाऊन उभी राहिली. तिचं म्हणणं होतं, निखाऱ्यांच्या चराच्या शेवटी पाण्याचा टँकर उभा करा, म्हणजे भाजलेल्या पायावर लगेच वीस मिनिटं पाणी सोडता येईल. चालण्याआधी पायावर तांब्या ओतायची पद्धत बंद करा, ओल्या तळव्याला निखारा चिकटून बसतो. आणि शुगरवाल्यांना चालू देऊ नका. कमिटीचे अध्यक्ष रामकिसन यांनी सगळं ऐकून घेतलं आणि यात्रेत भाजलेल्याचं एक तरी नाव रजिस्टरात असेल तर दाखवा म्हणाले. नाव नव्हतंच. रजिस्टराप्रमाणे अख्खं गाव चहा सांडून नाहीतर चुलीपाशी भाजत होतं.

"सिस्टर, तुमचं घर बुद्धाचं," रामकिसन हसत म्हणाले. "आमच्या देवाचं तुमाला काय कळायचं?"

"देवाचं न्हाई कळत, मामा. पायाचं कळतं."

एवढं बोलून ती निघाली खरी, पण ओठावर आलेली एक गोष्ट तिला तिथं बोलता आली नव्हती. ती होती बद्रीनाथकाकांची. विस्तवावर पहिलं पाऊल टाकायचा मान बावीस वर्षं त्यांचा. त्यांना विस्तव गार लागतो, असं लोक पाहुण्यांना सांगत. मागच्या यात्रेनंतर नवव्या दिवशी त्यांची बायको तुळजाबाई अंधार पडल्यावर त्यांना घेऊन आली होती. करंगळी काळी पडलेली, शुगर चारशेच्या वर. बीडला नेऊन करंगळी काढावी लागली, आणि पुढं चार महिने आम्रपालीनं त्यांच्या घरी जाऊन पट्टी केली. गावाला सांगितलं, कुदळ लागली. पेशंटची गोष्ट चव्हाट्यावर मांडायची नाही, म्हणून आम्रपालीही गप्प राहिली. आता तेच बद्रीनाथकाका परत पहिलं पाऊल टाकायला निघाले होते. पुन्हा भाजलं तर पायच जाईल, हे तिला उघड दिसत होतं.

कमिटीकडून ती तडक त्यांच्या घरी गेली. चालू नका म्हणून तिनं चार वेळा सांगून पाहिलं. देव बघून घेईल, असं ते चारही वेळा म्हणाले. तेव्हा तिनं पिशवीतून नायलॉनचा जाड दोरा काढला आणि त्यांना डोळे मिटायला लावले. तळव्याला दोरा लागला की हूं म्हणायचं, एवढंच काम. तुळजाबाईला तिनं मोजायला बसवलं. दोरा टेकला की एक बोट वर.

आम्रपालीनं टाचेला दोरा टेकवला, मग बोटांच्या बुडाला, मग दुसऱ्या पायाला. काका डोळे मिटून शहाण्यासारखे बसले होते. बऱ्याच वेळानं ते कंटाळून म्हणाले, "सिस्टर, सुरू कावून करीना तुमी?"

आणि त्यांनी डोळे उघडले. समोर तुळजाबाई दोन्ही हातांची दहाही बोटं वर करून बसली होती आणि तिचे डोळे वाहत होते.

काकांनी आपल्या तळव्यावरून अंगठा फिरवून पाहिला. "दोन वर्षं झाली, विस्तव गारच लागायलाय," ते म्हणाले. "मला वाटलं, देव लई जवळ आला." मग ते उठून गोठ्याकडं गेले. आम्रपालीला त्यांची फार दया आली. पण दयेनं पाय वाचत नाही, म्हणून ती दोरा तिथंच ठेवून आली आणि रोज संध्याकाळी शुगर तपासायच्या निमित्तानं जात राहिली. काका हात पुढं करत, चालणार की नाही ते मात्र सांगत नसत.

यात्रेच्या दिवशी ती मलमपट्टीचं सामान आणि रजिस्टर घेऊन चराच्या शेवटी खुर्ची टाकून बसली. दिवस मावळायच्या सुमारास बद्रीनाथकाकांचा ट्रॅक्टर पाण्याचा टँकर ओढत आला आणि तिच्या शेजारीच थांबला. काका फेटा बांधून उतरले. हलगी वाजायला लागली. ते चरापाशी गेले, बूट काढला, मोजा काढला आणि चार बोटांचा पाय सगळ्यांपुढं धरला.

"हे कुदळीनं न्हाई गेलं. विस्तवानं गेलं. माझ्या तळव्याला काई कळत न्हाई, म्हणून मला गार लागायलं. मनात खोट म्हणाल तर एकच हाय, मी लपवलं."

हलगी थांबली. काकांनी चराला हात जोडले, बूट घालून ते टँकरपाशी आले आणि नळी हातात घेऊन उभे राहिले.

पुढं व्हायला कुणी धजेना, यात्रा मोडायची वेळ आली, तेव्हा रामकिसननं धोतर खोचलं. पहिलं पाऊल आपण टाकतो म्हणाले. सवयीप्रमाणं त्यांच्या पायावर तांब्या ओतला गेला, आम्रपाली लांबून ओरडली तरी. ते चालत गेले, ताठ मानेनं टँकराजवळून पुढं गेले आणि देवळाच्या ओट्यावर जाऊन बसले. मागून बाकीचे चालले. काहींनी तांब्या नको म्हटलं, काहींनी ओतून घेतला. चालून आलेले टँकराकडं नजर न टाकता पुढं सरकत होते. एवढं करूनही लोक घरी जाऊन अंगाराच दाबणार, असं तिला वाटलं.

तेवढ्यात छबुबाई नावाची म्हातारी आली आणि बद्रीनाथकाकांपुढं पाय सोडून बसली. "घाल बाबा पाणी," ती म्हणाली. "लई आग व्हायलीय. दरसाली व्हती." काकांनी नळी सोडली. मग एक जण आला, मग दोघी आल्या. पायांची रांग लागली. काका घड्याळ बघून प्रत्येकाला वीस मिनिटं बसवून ठेवत होते, कुणी उठायला लागला तर खांदा दाबत होते. आम्रपाली फोड न फोडता स्वच्छ पट्ट्या बांधत होती, धनुर्वाताचं इंजेक्शन देत होती आणि रजिस्टरात नावं लिहीत होती.

सगळ्यांच्या शेवटी रामकिसन आले. टाचांवर चालत आले. त्यांनी धोतर वर घेतलं, तळव्याला दोन ठिकाणी कोळसा रुतला होता. काकांनी पाणी सोडलं.

"मामा, काय लिहू?" आम्रपालीनं विचारलं. "चहा, का चूल?"

रामकिसननं वर पाहिलं नाही.

"विस्तव लिहा," ते म्हणाले.