कानाडोळा

बर्फावर जोडीनं नाचणाऱ्यांना प्रेमात पडल्यासारखं दिसावं लागतं, आणि धाकटीची जोडी होती सख्ख्या भावाशी. आली का पंचाईत! ती नऊ वर्षांची आणि दादा बाराचा असताना संगीत सुरू झालं, की दोघं एकमेकांच्या डोळ्यांत बघायचे आणि फिसकन हसायचे. शेवटी शिकवणाऱ्या बाईंनी तोडगा काढला. "डोळ्यांत बघू नका, कानाकडे बघा. लांबून कुणाला कळतंय?"

खरंच कुणाला कळलं नाही. सोळा वर्षं धाकटीनं दादाच्या डाव्या कानाकडे बघत रुसवे केले, मनधरण्या केल्या, विरहात झुरून दाखवलं. त्या कानाच्या पाळीवरचा तीळ तिला पाठ होता. राष्ट्रीय स्पर्धेत दोघांचा दोनदा तिसरा नंबर आला. दरवेळी पंचांचा शेरा एकच, 'पाय सुरेख, भाव कमी.' बाई त्याकडे कानाडोळा करायच्या.

मग दादाच्या गुडघ्यानं राजीनामा दिला. दादानं लग्न केलं, दुसऱ्या शहरात विम्याच्या कचेरीत चिकटला आणि दर रविवारी फोन करू लागला. धाकटी पंचविशीची, पाय ठणठणीत. पण एका हातानं टाळी वाजत नाही. जोडीच्या स्पर्धेत एकटीला कोण उभं करणार? वर्षभर ती रोज सकाळी बर्फाच्या रिंकवर यायची, अर्धी जोडी नाचायची आणि खोलीवर जाऊन ओट्यापाशी उभ्या उभ्या जेवायची. सोळा वर्षं रोज चार तास कुणीतरी तिचा हात धरलेला असायचा. आता दिवसच्या दिवस तिला माणसाचा स्पर्श व्हायचा नाही. गर्दीत कुणाचा धक्का लागला तर तेवढाच. तिला फार एकटं वाटायचं, आणि हे सांगायलाही कुणी नव्हतं.

तेवढ्यात नवा आला. त्याची जोडीदारीण खेळ सोडून गेली होती. तो तीन दिवस धाकटीबरोबर नाचून बघणार आणि मग हो की नाही ते सांगणार, असं ठरलं. स्पर्धेची नावनोंदणी शनिवारी बंद होणार होती, आणि तिच्या उंचीला शोभेल असा दुसरा मोकळा गडी औषधालाही उरला नव्हता. हा नाही म्हणाला, की खेळ खलास.

"स्थळ कसं आहे गं?" आईनं फोनवर विचारलं.

"स्थळ काय, आई! उंची जुळते, एवढंच."

"आमच्या वेळी तेवढ्यावरच ठरायचं."

पहिल्या दिवशी दोन फेऱ्या झाल्या आणि नवा मध्येच थांबला. "माझ्या कानाला काही लागलंय का?"

धाकटी लाजून चूर झाली. तिनं सगळी हकिगत सांगितली तेव्हा तो पोट धरधरून हसला. "अगं, मी काय तुझा भाऊ आहे?"

दुसऱ्या दिवशी तिनं जिवाचा आटापिटा केला, पण वळण आलं की नजर आपोआप कानाकडे घसरायची. बाई कठड्यापलीकडून ओरडत होत्या, "डोळे! अगं, डोळे बघ! खोड मीच लावली, आता मीच निस्तरते!"

तिसऱ्या दिवशी मात्र तिनं ठरवलंच. पडले तर पडले. संगीत लागलं आणि तिनं त्याच्या डोळ्यांत पाहिलं. तपकिरी डोळे, डाव्यात एक पिवळसर ठिपका. तो तिच्याकडे असा बघत होता, की त्या अख्ख्या इमारतीत दुसरं कुणी नसावंच. असं तिच्याकडे आजवर कुणी पाहिलं नव्हतं. चार मिनिटं तिनं पावलं मोजली नाहीत. पाय आपले आपण जात राहिले. नाच संपला तेव्हा तिचे गाल ओले होते आणि बाई आनंदानं कठड्यावर हात आपटत होत्या.

नवा दम खात उभा होता. "एक सांगू? कालच सांगायला हवं होतं," तो चाचरत म्हणाला. "मी दुसरीला हो म्हणून बसलोय. काल दुपारीच ठरलं. तुला तीन दिवसांचा शब्द दिला होता, म्हणून आज आलो."

धाकटीनं विचारलं, "मग आत्ता माझ्याकडे तसं बघत होतास, ते काय होतं?"

तो खरोखरच गोंधळला. "ते? ते तर नाचात करायचंच असतं ना. मला आठव्या वर्षीच शिकवलंय."

"हो, बरोबर," धाकटी म्हणाली. "आमच्याकडे तेवढं शिकवायचं राहून गेलं."

त्यानं तिचा हात हातात घेऊन नीट दाबला, सॉरी म्हणाला आणि दाराकडे सरकत गेला. ती त्याच्याकडे बघत राहिली. त्यानं मागे वळून पाहिलं नाही. संगीत केव्हाच संपलं होतं.