लोखंडी सोमवारचा खलनायक

अमेरिकेहून आलेल्या खोक्यात एकूण चौदा वस्तू होत्या: अकरा फोटो, एक पटकथा, एक टोपी आणि एक पत्र. फोटोंपैकी सात नायकाच्या चेहऱ्याचे, दोन त्याच्या पाठीचे, एक जळत्या ट्रकचा. उरलेल्या एकात नायकाच्या मागे एक अवाढव्य माणूस कपाळाला आठ्या घालून उभा होता. फोटो म्हणजे झेरॉक्सच्या झेरॉक्स होत्या. पटकथेची शेवटची एकवीस पानं गुप्ततेसाठी काढून घेतलेली होती. टोपी आमच्या मालकाला, डेझमंडला, घट्ट झाली. पत्रात म्हटलं होतं की, एवढ्या सामग्रीवरून, सिनेमाच्या आत्म्याला धक्का न लावता, नाताळच्या बाजारासाठी कन्सोलवरचा व्हिडिओ खेळ तयार व्हावा.

सिनेमाचं नाव ‘लोखंडी सोमवार’. साल १९९१. इंग्लंडातल्या स्टॉकपोर्टमध्ये गालिच्यांच्या दुकानावर आमची कंपनी होती. मालक डेझमंड, प्रोग्रॅम लिहिणारा बॅरी, चित्रं काढणारी ग्लेनिस आणि मी. मी पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन नुकतीच आले होते, म्हणून मला सगळे ‘प्रोफेसर’ म्हणत आणि उड्यांचं काम देत. नायकाने किती उंच उडी घ्यावी, किती वेळ हवेत राहावं, हे मी ठरवायचं.

“पण सिनेमात तो उड्या मारतो कुठे?” मी पटकथा वाचून विचारलं. नायक, सार्जंट ब्रॅक, एकदाही उडी मारत नव्हता. तो गोळ्या झाडत होता, सिगारेटी ओढत होता आणि सोडून गेलेल्या बायकोला फोन करत होता.

“गोळ्या नकोत म्हणालेत कन्सोलवाले. पोरंटोरं खेळतात,” डेझमंड म्हणाला. “सिगारेटही नको.”

“मग राहिलं काय?”

“फोन,” बॅरी म्हणाला.

“उड्या,” डेझमंड म्हणाला. “उड्या मारायच्या, वाटेतलं गोळा करायचं, खड्ड्यात पडायचं. सिनेमाचा आत्मा म्हणतात तो हाच.”

आदल्या वर्षी, मी यायच्या आधी, कंपनीने बदकाचा खेळ केला होता. तो बाकीच्या तिघांच्या नातेवाइकांनी घेतला, आणि त्यांतल्याही दोघांनी परत केला. बॅरीने त्यातून बदक काढलं आणि सार्जंट ब्रॅक घातला. तळ्याचा कारखाना झाला. पाणवेलींचे पाईप झाले. पावाचे तुकडे होते तिथे शौर्यपदकं आली. चाल मात्र बदकाचीच राहिली, कारण पावलांच्या चित्रांचं वेळापत्रक बदलायला बॅरीला वेळ नव्हता. त्यामुळे नेवाडाच्या वाळवंटात, एकट्याने शत्रूच्या गोटात शिरलेला सार्जंट कंबर हलवत जाई.

“ह्याच्या उडीवरून हिशेब काढला,” मी सांगितलं. “गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या एक तृतीयांश येतंय.”

“अमेरिकेत असेल तेवढं,” बॅरी म्हणाला.

तिसऱ्या टप्प्यात बर्फ होता. बर्फ प्रत्येक खेळात असतोच. निसरड्या जमिनीशिवाय खेळ केला तर दुकानदार मागवत नाहीत, असं डेझमंड शपथेवर सांगे. वाळवंटात बर्फ कुठून आणायचा, असं विचारल्यावर त्याने क्षणाचाही विलंब न लावता सांगितलं, “शत्रूचं शीतगृह.”

नवीन असं एकच करायचं होतं. शेवटचा खलनायक. बदकाच्या खेळात शेवटी एक कोल्हा होता आणि तो सिनेमाच्या आत्म्यात कुठेच बसेना. पटकथेत खलनायक ‘जनरल’ एवढाच. तो दिसतो कसा हे गेलेल्या एकवीस पानांत. मग डेझमंडने तो अकरावा फोटो भिंतीला लावला. अवाढव्य माणूस, छातीवर पांढरं चिलखत, हातात काटेरी गदा.

“हा तोच. बघा ना, तोंडावरच लिहिलंय.”

ग्लेनिस सत्तेचाळीस वर्षांची होती. आधी स्टोकच्या कारखान्यात कपबशांवर गुलाब रंगवायची. कारखाना बंद पडल्यावर आमच्याकडे आली, आणि दोन वर्षं विटा, फळ्या आणि बदकाचे पाय काढत होती. जनरल तिने अख्खा उन्हाळा काढला. एकेक ठिपका. कन्सोलला एवढी मोठी हलती आकृती झेपेना, म्हणून बॅरीने पार्श्वभूमीची भिंतच जनरल केली आणि त्याच्या मागे काळोख ठेवला. जनरल श्वास घेई. गदा उचलण्याआधी त्याची डावी भुवई वर जाई. तेवढ्या एका खुणेवर खेळणाऱ्याने जीव वाचवायचा.

“पोरी, ह्या खेळात माझं म्हणावं असं हे एवढंच आहे,” ती मला म्हणाली. “बाकी सगळं बदकाचं.”

ऑगस्टअखेर सिनेमा कंपनीचे मिस्टर टॉलमन खेळ पास करायला आले. त्यानंतरच्या सोमवारी खेळाची कार्ट्रिजं बनवणाऱ्या जपानच्या कारखान्यात आमची पाळी होती. ती चुकली की नाताळ चुकला. टॉलमन कोट घालूनच खेळायला बसले.

“सार्जंट असा का चालतो?”

“मांडीत गोळी आहे त्याच्या,” बॅरी म्हणाला.

“पटकथेत तसं नाही.”

“आम्हाला वाटलं, शेवटच्या एकवीस पानांत असेल.”

टॉलमननी मान डोलावली. बहुधा त्यांनीही ती पानं वाचली नव्हती. बर्फावर ते घसरले, पडले, बर्फाबद्दल काही बोलले नाहीत. मग काळोख आला आणि काळोखातून जनरल. टॉलमननी हातातलं बटण सोडलं.

“हा लू आहे.”

“कोण लू?” डेझमंडने विचारलं.

“आमचा जेवणवाला! शूटिंगवर सूप वाढतो.”

बॅरीने भिंतीवरचा फोटो काढून आणला.

“मग हे चिलखत?”

“एप्रन.”

“आणि ही गदा?”

“ओगराळं आहे ते.”

मी भिंग घेऊन पुन्हा पाहिलं. गदेचे काटे म्हणून ग्लेनिसने जे काढले होते, त्या सुपातल्या शेवया होत्या.

“तुमचा खरा जनरल कसा आहे?” मी विचारलं.

“बारीक. टकला. शेवटी टेबलाखाली सापडतो.”

“काढून टाकू!” डेझमंड घाईघाईने म्हणाला. “काय अडलंय? सार्जंट दारातून आत गेला, ‘अभिनंदन’ अशी पाटी आली, संपला खेळ. बॅरी, तासाभराचं काम ना?”

“तासाचंही नाही,” बॅरी म्हणाला. “पण त्याच्या जागी टकला मागू नका. मेमरीत आता टकल्याची भुवईही मावायची नाही.”

सगळ्यांनी ग्लेनिसकडे पाहिलं. ती उठली आणि चहाची किटली लावली. आमच्याकडे माणूस मेला तरी आधी किटली लावतात, त्यामुळे ती किती हादरली आहे ते त्यावरून कळेना. मग तिने टॉलमनच्या पुढ्यात कप ठेवला.

“काढायचा तर काढा. पण तुम्ही अजून त्याच्याशी लढलाच नाहीत. न लढता कशाला काढता?”

“मॅडम, तो सूपवाला आहे.”

“मग तुम्हाला भ्यायचं कारण नाही.”

टॉलमन लढले. लूने त्यांना एका फटक्यात गार केलं. ते पुन्हा बसले. चौथ्या वेळी त्यांनी कोट काढला. बॅरीने कोपऱ्यावरून बटाट्याचे गरम चिप्स आणि ग्रेव्ही आणली. ती त्यांनी पडद्यावरची नजर न काढता खाल्ली आणि कंट्रोलर कायमचा तेलकट केला.

“भुवई बघा,” ग्लेनिस मागून म्हणाली. “डावी. अहो, गदा काय बघताय!”

“ओगराळं,” डेझमंडने दुरुस्त केलं.

अकराव्या वेळी लू कोसळला. टॉलमननी दोन्ही हात वर केले, मग आपण कोण आहोत ते आठवून खाली घेतले. त्यांनी कॅलिफोर्नियाला फोन लावला. आम्हाला एकच बाजू ऐकू आली.

“शेवट परत शूट करताय ना?... म्हणजे चाचणीला बोलावलेले प्रेक्षक सगळेच झोपले?... बरं झालं. ऐक, लूला घे. लू. जेवण देतो तो... अभिनय कशाला करायला हवा, नुसता उभा कर... नाही, खेळ बदलता येत नाही, खेळ तयार आहे. सिनेमाच बदलायचाय ना?... हो, ओगराळ्यासकट.”

फोन ठेवून त्यांनी ग्लेनिसकडे वळून विचारलं, “बरोबर ना?”

“एप्रनपण,” ती म्हणाली.

सोमवारी कार्ट्रिजचा प्रोग्रॅम जपानला गेला. एका मासिकाने खेळाला शंभरात एकेचाळीस गुण दिले, त्यांतले बरेचसे शेवटच्या खलनायकासाठी असल्याचं लिहिलं, आणि सार्जंटच्या चालीचं ‘जखमी सैनिकाचं हृदयस्पर्शी चित्रण’ म्हणून कौतुक केलं. डेझमंडने ते कात्रण चौकटीत लावलं. गुणांचा भाग चौकटीखाली गेला.

डिसेंबरात सिनेमा आमच्या गावी लागला. मी आणि ग्लेनिस पहिल्या खेळाला गेलो. तिने नवा कोट घातला होता. शेवटची वीस मिनिटं ती खुर्चीच्या कडेवर बसली होती आणि पेपरमिंटची गोळी तोंडात तशीच धरून होती. मी स्टॉपवॉच नेलं होतं. लू पडद्यावर चार पूर्णांक दोन सेकंद होता. ओगराळं, तीन पूर्णांक सहा.