सेठच्या जहाजाखालची डोंगी

ऐका मित्रांनो, कान देऊन ऐका. मी तलावाच्या पाळीवर, म्हनजे बांधावर, पालथी पडली आहो, पन आवाज माझा अजून खनखनीत आहे. साऱ्या एकोडी गावाले ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगते. तलावाची शपथ, पाळीवरच्या मारोतीची शपथ, मी जे सांगून राहिली ते अक्षर अन् अक्षर खरं आहे! खोटं बोलली असंन तर आत्ताच्या आत्ता माझ्या पाठीले वाळवी लागो. पाहा बरं, लागली का? नाही लागली. मंग चला.

मी एक जुनी डोंगी आहो. ऐनाच्या झाडाच्या एकाच खोडाची होडी. अंगाले कुठं सांधा नाही, खिळा नाही. तलावात जाळं टाकनाऱ्या श्यामलालबुवानं मले वासल्यानं कोरली, तेव्हा त्याच्या पोराचं, तुलारामचं लगन ठरलं होतं. सत्तर-एकाहत्तरचं साल असंन. सून तलावावरूनच घरी यावी अशी म्हाताऱ्याची हौस. तर नवी नवरी शकुन पलीकडच्या पाळीवर माझ्यात बसली, माझ्या काठावरून हात फिरवला अन् सगळ्यांच्या देखत बोलली, "मायबाई, नवऱ्यापेक्षा ही डोंगीच देखनी आहे!"

तेव्हापासून मी तिची झाली.

काय दिवस होते! तुलाराम जाळं फेके, शकुन शिंगाडे तोडे, अन् मी दोघांले घेऊन सारा तलाव फिरे. एकदा जाळ्यात मरळ आली. एवढी मोठी, एवढी मोठी, की तिच्या पाठीवर बगळ्यानं घरटं केलं होतं, अन् त्यात दोन पिल्लं होती. तिनं मले ओढत ओढत तीन चकरा मारवल्या. शेवटी शकुननं तिले दोन शिव्या हासडल्या तेव्हा कुठं थांबली बिचारी.

उन्हाळा आला की तुलाराम माझ्या पोटात दगड भरे अन् मले तलावात बुडवून ठेवे. घाबरू नका, त्याले जीव घेनं म्हनत नाहीत. लाकूड उन्हात तडकते, पान्याखाली सलामत राहाते. तुम्हाले जशी दुपारची झोप, तशी मले उन्हाळ्याची. मिरगाच्या आधी तो दगड काढे, अन् मी आळस देत वर येई.

अन् ह्याच झोपेत माझा घात झाला.

साकोलीच्या बाजारात सुखराम सेठचं किराना दुकान होतं. तिऱ्यांशी साली तो पाहुन्याकडच्या लगनाले बंबईले गेला, अन् तिथून गोव्याले जानाऱ्या जहाजात बसून आला. परत आला तर मानूस पार बिघडून. डोक्यावर पांढरी कप्तानाची टोपी, अन् तोंडात एकच गोष्ट. जहाजात खोल्या राहतात, खोल्यांत गाद्या राहतात, घंटा वाजली की जेवन येते, अन् जो घडीघडी येते त्याले सूट भेटते! दुकानात कोनी मीठ मागाले आलं तरी त्याले जहाज ऐकूनच जावं लागे.

"असं जहाज मी आपल्या तलावात चालवीन," तो म्हने.

जहाजाले खालून डोंगी पाहिजे. पन डोंगी विकत घेईन तर तो सुखराम सेठ कसला? त्या जेठात पानी आटलं अन् माझं नाक वर दिसलं. सेठनं दोन बैलजोड्या आनल्या, दोर बांधला, अन् मले झोपेतून ओढून काढली. दगडासकट! माझं पोट सोलून निघालं, मित्रांनो.

तुलाराम धावत आला. भांडन पंच मारोतरावाकडं गेलं. मारोतराव पिंपळाच्या पारावर बसून तंबाखू मळत होता.

"मारोतराव, डोंगी माझी आहे," तुलाराम म्हनाला. "दरसाल बुडवून ठेवतो. साऱ्या गावाले मालूम आहे."

"ठेवलेली वस्तू घरात राहाते गा," सेठ म्हनाला. "तलावाच्या तळाले काय तुझी कोठी आहे? विहिरीत पडलेली बालटी जो काढते त्याची होते का नाही?"

"अवो सेठ," शकुन पदर खोचून पुढं झाली, "उद्या तुम्ही तलावात डुबकी मारसान, अन् मी केस धरून काढीन. मंग तुम्ही माझे का? नको बाई, मी ठेवून कुठं घेऊ!"

लोक खदखदा हासले. पन मारोतरावाच्या घरची साखर-चहापत्ती सेठच्याच दुकानातून येत होती. त्यानं तंबाखू तोंडात टाकली अन् निकाल दिला, "बुडालेली वस्तू काढनाऱ्याची. झालं."

झालं कायचं? इथून तर सुरू झालं! मी तिथंच, बैलगाडीवर पडल्या पडल्या, दात खाऊन ठरवलं. ज्या न्यायानं नेली त्याच न्यायानं परत जाईन. मी सेठच्या हातात असताना बुडीन, भर दिवसा, साऱ्या गावाच्या डोळ्यांपुढं, अन् तुलाराम मले काढंन. सूड म्हनजे सूड!

पन सेठ माझ्यापेक्षा हुशार निघाला. त्यानं माझ्या दोन्ही बाजूले तेलाचे रिकामे पिपे बांधले, वरून बांबूचा मांडव ठोकला, अन् मले पांढरा रंग फासला. आता बुडू म्हटलं तरी बुडता येत नव्हतं. दोन्ही बगलेत दोन-दोन पिपे घेऊन मी तरंगत होती. अशी बेइज्जती वैऱ्याचीही होऊ नये.

पानी भरल्यावर जहाज सुरू झालं. मांडवावर तट्ट्याच्या दोन खोल्या, त्याले सेठ "क्याबिन" म्हने. क्याबिनीत खाट, पन खाट लांब अन् क्याबिन आखूड. झोपनाऱ्याचे पाय बाहेर पान्यावर लोंबकळत. लाखनीहून आलेलं एक नवं जोडपं तिथं आराम करत होतं, तर नवरदेवाच्या अंगठ्यावर बगळा येऊन बसला अन् फेरी संपेपर्यंत उठला नाही. सेठ पितळेची घंटा वाजवे, अन् पळसाच्या पत्रावळीवर पुरी, आलू-वांग्याची भाजी अन् बुंदी येई. लोक खाऊन खूश. साकोलीचे कारकून, नागझिऱ्याचं जंगल पाहाले जानारे पाहुने, सारे येत.

मी जमंन तसा छळ करे. सेठनं "डावीकडं" म्हटलं की उजवीकडं वळे. भाजी वाढताना हळूच कूस बदले, की रस्सा सेठच्या पांढऱ्या सफारीवर. पन खरं काम मी गुपचूप करत होती. पिपे ज्या दोरानं बांधले होते, त्या दोराले मी रोज अंग घासे. लाटेसरशी पुढं, लाटेसरशी मागं. कुत्रं हाडूक चघळते तसं.

तिकडं शकुननं काय करावं? डोंगी नाही तर शिंगाडा तोडाले कशी जाईन? तिनं दोन मडके उलटे बांधले, मधात फळी ठेवली, अन् त्याच्यावर बसून हातानं पानी मारत ती तलावात जाई. माझ्यावर लोक बुंदी खात, अन् माझ्या बाजूनं माझी शकुन मडक्यांवर बसून जाई. एकदा तिनं माझ्या नाकावर हात ठेवला.

"पोट चालून नाही राहिलं वं," ती हळूच बोलली. "हे म्हनतात, कार्तिकातला भागवत सप्ताह उठला की नागपूरले जाऊ. रिक्षा चालवू. आता तूच सांग, ह्या मानसाले तलावात रस्ता दिसते, नागपूरच्या सडकेवर काय दिसंन?"

माझं काळीज फाटलं. हे दोघं गेले तर मी बुडून काय फायदा? मले काढंन कोन? दुसरा कोनी काढंन अन् दुसऱ्याची होईन! दोर अर्धाच घासला होता. सप्ताह तोंडावर आला होता.

अन् तेव्हा सेठनंच मले हात दिला, मित्रांनो. बंबईच्या जहाजात घडीघडी येनाऱ्याले सूट राहाते, तशी त्यानंही काढली. जो फेरी मारंन त्याच्या मनगटावर सेठ लाल धागा बांधे. आपल्याच दुकानातला, पूजेचा. पाच धागे झाले की एक फेरी फुकट, जेवनासकट. ह्या सवलतीचा पहिला भक्त होता गावातला यादोराव. तो मानूस तलाव पाहाले कधी आलाच नाही, बुंदी पाहाले येई. त्याचे पाच धागे झाले तसा तो क्याबिनीतच राहाले आला म्हना ना.

कार्तिकात एकोडीत भागवत सप्ताह बसला. महाराज रोज आरती झाली की सगळ्यांच्या हाताले लाल धागा बांधत. धाग्याचा गठ्ठा गेला कुठून? सेठच्या दुकानातून! विकताना सेठ हासत होता. सात दिवसांत गावातल्या लहान-थोर सगळ्यांच्या मनगटावर सात-सात धागे झाले.

पहिली नजर गेली यादोरावाची. तो शकुनले म्हनाला, "शकुनबाई, हा धागा अन् तो धागा एकच दिसते वो."

शकुनच्या डोळ्यांत जे चमकलं ते मी पाहिलं. तिनं डोक्यावर शिंगाड्याची टोपली घेतली अन् घरोघरी गेली. "शिंगाडे घ्या वो, ताजे शिंगाडे! अन् उद्या सेठच्या जहाजावर जेवाले या. हातात धागे आहेत ना? मंग सेठ नाही म्हनंनच कसा?"

दुसऱ्या दिवशी सकाळी, सप्ताह उठला होता, तुलारामचं बोचकं बांधून दारात ठेवलं होतं, अन् सारं एकोडी पाळीवर उभं होतं. हात वर करून!

"अरे, हे धागे माझे नाहीत!" सेठ ओरडला.

"दुकान तुमचंच आहे ना सेठ?" यादोराव म्हनाला. "महाराजांनी बांधला तर काय धागा बाटला का?"

"हे धागे चालनार नाहीत. तोडा सारे!"

भागवताचा धागा तोडा? म्हाताऱ्या आनंदाबाईनं कपाळाले हात लावला. "काय बोललात सेठ? पुन्हा बोला बरं. महाराज अजून गावातच आहेत."

सेठनं टोपी काढून घाम पुसला. मागं वळून पाहिलं तर खुद्द पंच मारोतराव सात धागे दाखवत चढून राहिला होता. सेठ बाजूले सरकला.

चढले मित्रांनो, चढले! मांडवावर चढले, क्याबिनीत चढले. एका खाटेवर अकरा बाया बसल्या. मी वजन मोजत होती अन् मनात म्हनत होती, या, या, अजून या, लेकरांनो. सेठच्या मेव्हन्यालेही येऊ द्या, तो जाडा आहे.

पाळीपासून थोडं दूर, शिंगाड्याच्या वेलांत, कमरेएवढ्या पान्यात मी पोहोचली. सेठनं घंटा वाजवली. पत्रावळी पसरल्या. भाजी झाली, पुरी झाली, बुंदीची बारी आली, अन् सगळे बुंदीकडच्या बाजूले सरकले. तेव्हाच मी श्वास रोखला अन् शेवटचा झटका दिला.

तटाक! दोर तुटला. पिपे सुटलेल्या म्हशींसारखे तलावात पळाले. मांडव बसला, क्याबिनी आडव्या झाल्या, अन् मी, पोटभर पानी पिऊन, खुशीखुशीनं खाली गेली. एकाही मानसाले खरचटलं नाही, एवढी काळजी मी घेतली होती. सारं गाव कमरेएवढ्या पान्यात उभं, पत्रावळी डोक्यावर. अन् यादोराव म्हनते, "बुंदी कोरडी आहे ना? मंग वाढा की!"

फक्त सेठ बसला. कुठं? शिंगाड्याच्या वेलांच्या ढिगावर. शिंगाड्याचा काटा तुम्ही पाहिला असंन. सेठ असा उडाला की टोपी वरच राहिली अन् तो खाली आला. पुन्हा तिथंच! पुन्हा उडाला! त्याची किंकाळी साकोलीच्या बस स्टॉपवर ऐकू गेली अन् एक बस पाच मिनिटं आधी सुटली.

पाळीवरून तुलाराम पान्यात उतरला. हातात शकुननं सकाळीच देऊन ठेवलेला दोर, मागं त्याचे भाऊबंद. सरळ मारोतरावापुढं जाऊन उभा राहिला.

"मारोतराव, डोंगी बुडाली. आता कोनाची?"

"माझी!" सेठ शिंगाड्यांतून ओरडला.

"मंग काढा सेठ," शकुन म्हनाली. "वाका की खाली. काय झालं, वाकता येत नाही?"

मारोतरावाच्या एका हातात पत्रावळ होती, दुसऱ्या हातात पुरी. चारी बाजूले सारं गाव, त्याचाच पारावरचा निकाल ऐकलेलं. त्यानं सेठकडं पाहिलं, गावाकडं पाहिलं. ज्या तोंडानं निकाल दिला होता ते तोंड आता पुरीनं भरलं होतं. मोठ्या मुश्किलीनं गिळून तो बोलला, "काढनाऱ्याची."

हुय्या! माझ्या नाकाले दोर लागला. ह्या वेळी पोट सोललं नाही, शकुननं खाली हात घातला होता. वर आली तसा तिनं मांडवाचा एक-एक बांबू माझ्यावरून उपटून फेकला, अन् पदरानं माझं नाक पुसलं. त्या रात्री बोचकं सुटलं. नागपूरच्या सडकेनं तुलारामले कधी पाहिलंच नाही. पांढरा रंग मात्र दोन पावसाळे निघाला नाही. मी मुद्दाम जाऊ दिला नाही. सेठ पाळीवरून गेला की मी तो रंग त्याच्याकडं करून उभी राहे.

आता मी थकली आहो. शकुनही थकली, पन संध्याकाळी येऊन माझ्या पाठीवर बसते. तर मित्रांनो, एवढं ध्यानात ठेवा. कोनाची वस्तू पडलेली दिसली, बुडालेली दिसली, तर ती टाकलेली आहे असं समजू नका. आधी विचारा. जिनं तुमचं पोट भरलं तिले जपा, तेल द्या, सावलीत ठेवा. अन् दुसऱ्याची असंन तर हात लावू नका. आम्हाले पाय नाहीत, तोंड नाही, पन आम्हाले घाईही नाही. आम्ही दोर घासत बसतो.

अन् एक सांगते, शपथ घेतली म्हनून. मरळ खरी, बगळा खरा, बस आधी सुटली तेही खरं. फक्त सेठ शिंगाड्यावर बसला नव्हता. बाजूच्या मऊ चिखलात बसला होता, आरामात, काही टोचलं नाही त्याले. पान्यातून उठला, टोपी झटकली, अन् घरी गेला.

टोचाले पाहिजे होतं. म्हनून मी टोचवलं.