आजारी तेवढ्यांनाच

माणिकप्पांच्या दारात आम्ही सव्वीस वर्षं पाय ठेवला नाही. ते जनावरांच्या दवाखान्यात मलमपट्टी करणारे, औषध देणारे ड्रेसर होते. त्यांच्या औषधानं आमची मेंढरं मारली, असं माझा बाप धुळाप्पा मरेपर्यंत सांगत राहिला, आणि मी ते खरं धरून बसलो.

त्याआधी दोघं जिवाभावाचे. अणदूरच्या खंडोबाच्या देवळामागं बसून एकाच चंचीतला तंबाखू मळायचे. एखादी मेंढी एकाच अंगाला गरगर फिरायला लागली की बाप तिच्या कवटीवर अंगठा दाबायचा.

"हितं मऊ लागतंय. मेंदूत पाण्याचा फोड हाय."

माणिकप्पा स्वतःचा अंगठा तिथंच दाबून बघायचे. "धुळाप्पा, तू डाक्टरच व्हायचास. चुकून मेंढरामागं गेलास."

"मग तुझी नोकरी गेली असती की रं!"

बाप असा हसायचा की मेंढरं बुजायची. ते हसणं नंतर घरात कधी ऐकलं नाही.

माझी पोरगी प्रतीक्षा तुळजापूरला कॉलेजात मानसशास्त्र शिकते. परवा तिची उजळणी घेत होतो. मी सातवीतून शाळा सोडलेला, पुढं वाचन टिकलं ते किराण्याच्या पुड्यांवर. पुस्तकातली मराठी बघून डोकंच उठलं.

"अनुमस्तिष्क?"

"शरीराचा तोल सांभाळतं."

"सरळ लहान मेंदू म्हणायला यांची जीभ झडते का?"

"पप्पा, परीक्षा माझी हाय. पुढं विचारा."

"यादृच्छिक विभाजन. हे कुठल्या गाढवानं..."

"चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचे. एकाला औषध द्यायचं, दुसऱ्याला न्हाय. आपल्या मनानं निवडलं तर आजारी सगळे एकाच गटात जातात, आन् औषध फुकट बदनाम होतं."

मी पुस्तक मिटलं.

सव्वीस वर्षांपूर्वी मेंढरांत साथ आली, त्या साली माणिकप्पांनी औषधाची बाटली दिली, तेव्हा बापानं कुठलाही मेंढपाळ करील तेच केलं. माना टाकलेली वीस मेंढरं वेगळी काढली आणि त्यांनाच पाजलं. ठणठणीत होती त्यांना कशाला पाजायचं? प्यालेली अठरा मेली, न प्यालेली जगली. बापानं भर बाजारात माणिकप्पांना 'मेंढरमाऱ्या' म्हटलं. मी शेजारी उभा होतो, वीस वर्षांचा घोडा. तोंड उघडलं नाही.

"पप्पा, पुढचा शब्द?"

"तूच वाच आता."

चपला घातल्या आणि निघालो. माणिकप्पा ओट्यावर बसले होते. ओळखायला वेळ लागला त्यांना.

"काका, मेंढरं औषधानं न्हाय मेली. ती मरायलाच टेकली होती. बापानं आजारी तेवढ्यांनाच पाजलं होतं."

"आजारी तेवढ्यांनाच?"

"व्हय."

"मला कुणी सांगितलंच न्हाय." त्यांनी तळहात उलटासुलटा करून बघितला. "म्या समजलो, मापच चुकलं माझं. त्या दिवसापासून कुणाच्या जनावराला ह्या हातानं पाजलं न्हाय."

मी चपला काढून ओट्याजवळ गेलो, तशी त्यांनी मान वर केली.

"धुळाप्पाला कळलं होतं का हे?"

"न्हाय."

मग त्यांनी ओट्यावर बाजूला सरकून जागा केली.

"बस. पयल्यापासून सांग. हळू सांग."