माझं नाव पुसा!

मित्रांनो, मी एक जुना सॉकेट आहे. भिंतीतला नव्हे! जरीपटका वस्तीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबच्या कॉम्प्युटरमध्ये दोन प्रोग्राम ज्या दारातून बोलतात, ते दार मी. रक्त मोजणारा प्रोग्राम आत बसतो, रिपोर्ट छापणारा बाहेरून ठोठावतो. ‘लॅब’ फोल्डरातली ‘रिपोर्ट’ नावाची फाइल हाच माझा पत्ता. एका पत्त्यावर एकच बसणार, हा कडक नियम.

नीट बंद केलं, तर मोजणारा जाताना माझं नाव पुसून जातो. पण मालक चंद्रभानजींची रीत वेगळी. संध्याकाळी आधी मेन स्विच खाली, मग देवाला नमस्कार. आतला जागीच गार, माझी पाटी मात्र दारावर तशीच! सकाळी मोजणाऱ्याला उत्तर मिळतं: पत्ता वापरात आहे. कोणाच्या? कोणाच्याच नाही! लॅबमधली चिन्मयी रोज सकाळी मला हाताने पुसायची, म्हणून भागायचं. तिला कोणी कधी विचारलंही नाही.

मंगळवारी ती आठवडाभर रजेवर गेली. त्याच दिवशी उमरेडच्या इंदूबाईंचं दोन वाजता ऑपरेशन. प्लेटलेटच्या आकड्याशिवाय डॉक्टर हात लावणार नव्हते.

“काहून अडलं गा, ऋषी?” चंद्रभानजींनी विचारलं.

“जुनं नाव आडवं आलं, काका. नवीन देतो,” लॅबचं सॉफ्टवेअर सांभाळणारा ऋषी म्हणाला.

मी आडवा आलो? वा रे हुशार! मोजणाऱ्याला नवं नाव दिलं, छापणाऱ्याला सांगायचं विसरला. तो बिचारा माझंच दार ठोठावत राहिला. एक्क्याऐंशी वेळा. मोजलंय मी.

“माय सकाळपासून उपाशी पडली आहे तिकडे!” इंदूबाईंची हर्षा काउंटरवर हात आपटत म्हणाली. “काय करून राहिले भाऊ तुम्ही?”

“सॉकेट खराब आहे, बाई,” ऋषी म्हणाला.

“मग बदला ना! समोरच्या दुकानात भेटते!”

शेवटी ऋषीने चिन्मयीला फोन लावला. “अरे, जुनं पुस आधी, मग त्याच नावानं चालू कर!” अर्ध्या मिनिटाचं काम. रिपोर्ट आला तेव्हा तीन वाजले होते. डॉक्टर निघून गेले होते. इंदूबाईंना शुक्रवारची तारीख मिळाली. त्या सकाळी रक्त पुन्हा द्यायचं.

“सुरू होतानाच जुनं नाव पुसायची ओळ टाकतो, काका. उद्या,” ऋषी म्हणाला. बुधवारी उद्या. आज गुरुवारीही उद्या. दोन्ही सकाळी त्याने मला हातानेच पुसलं.

मित्रांनो, मला जपू नका. काम संपलं की माझं नाव पुसा, एवढीच माझी काळजी घ्या.

उद्या ऋषी काटोलला लग्नाला जाणार आहे. आणि चंद्रभानजींचा हात आत्ता मेन स्विचवर आहे.