पाहुण्याला थंडी दाखवली

आमच्या इमारतीत सकाळी कोंबडा आरवत नाही, दोन्या एनेईदांचा बत्ता वाजतो. दोन्या म्हणजे बाई, मानाने म्हणायचं. त्या माझ्या समोरच्या घरात एकट्या राहतात. घर गरम ठेवणारा रेडिएटर गार लागला की लसूण ठेचायचा लाकडी बत्ता उचलायचा आणि वाफेच्या पाइपवर दणादण बडवायचा, ही त्यांची पद्धत. पाइप थेट तळघरात जातो, त्यामुळे बॉयलरशेजारी झोपणारा विल्फ्रेदो, इमारतीची देखभाल करणारा आमचा माणूस, खडबडून उठतो. ब्राँक्समध्ये घरोघरी हेच चालतं. कुणी झाऱ्याने बडवतं, कुणी बुटाने.

या हिवाळ्यात मात्र बत्ता झिजायची वेळ आली तरी पाइप गारच. विल्फ्रेदो बिचारा जिन्यात हात जोडायचा. "माझ्या नावाने कशाला बडवता? मालकाला सांगून सांगून माझी जीभ झिजली. पार्ट येतोय म्हणतो." तो पार्ट बहुधा चंद्रावरून पायी निघाला होता.

दोन्या घरात कोट-टोपी घालून वावरायला लागल्या. त्यांची लेक निल्सा, बारमाही उन्हाच्या ओर्लँडोला असते, तिने फोनवर निक्षून सांगितलं, "जानेवारीतल्या तीन राजांच्या सणापर्यंत घर गरम झालं नाही, तर मी येऊन तुला घेऊन जाणार." लेकीचं काही चुकत नव्हतं. पण ते मला सांगताना दोन्यांचे डोळे भरून आले.

"तिथे पाइपच नाहीत गं, योकास्ता. मी बडवू कशावर?"

माझं डोकं फिरलं. भाडं घेतोस तर ऊब दे, हा इथला कायदा आहे, मालकाचा उपकार नव्हे. मी शहराच्या तक्रारीच्या नंबरावर फोन लावला. निरीक्षक येतो, थर्मामीटर ठेवतो. पारा कायद्याने ठरवलेल्या आकड्याच्या खाली असला की मालकावर ठपका. मग त्याने दुरुस्त करायचं, नाहीतर शहर आपली माणसं पाठवून करून घेतं आणि खर्च मालकाच्या डोक्यावर.

निरीक्षक आला त्या दिवशी मी सलूनमध्ये गिऱ्हाइकाचे केस धूत होते. धावत घरी आले तर जिन्यातच भाजलेल्या डुकराचा वास. दोन्यांनी पहाटेपासून ओव्हनमध्ये पेर्निल लावलं होतं! भाताचं पातेलं रटरटत होतं, निम्मी इमारत दिवाणखान्यात कोंबलेली, खिडक्यांवर घाम. आणि मधोमध निरीक्षक किन्योनेस, कोट काढून, ताट पुढ्यात घेऊन बसलेला. पोरगा उतुआदोचा निघाला, म्हणजे दोन्यांच्या गावचा. मग काय विचारता!

थर्मामीटर मजेत वर चढला होता. किन्योनेसने मान खाली घातली. "दोन्या, रेडिएटर बर्फासारखा आहे, मला दिसतंय. पण मला हा म्हणतो तेच लिहावं लागतं."

मालकावर ठपका नाही, तक्रार निकाली.

"अहो," मी ओरडले, "थंडी बघायला आलेल्या माणसाला कुणी ओव्हनपाशी बसवतं का?"

"मग पाहुण्याला काकडत बसवू? माझ्या आईने मला हे शिकवलं नाही."

मी पुन्हा फोन लावला. या खेपेला प्रत्येक बिऱ्हाडाला आपापल्या घरून लावायला लावला. आणि निरीक्षक यायच्या दिवशी सलूनला दांडी मारून दोन्यांच्या दारात पहाऱ्याला उभी राहिले. ओव्हन बंद, शेगडी बंद, माणसं बाहेर.

"कॉफीसुद्धा नाही?"

"कॉफीसुद्धा नाही. वाफ येते."

दोन्यांचा चेहरा उतरला. तरी त्यांनी टेबलावर इस्त्रीचा टेबलक्लॉथ घातलाच. त्यावर काही नाही, नुसता टेबलक्लॉथ.

किन्योनेसच आला. दोन्या कोटाच्या बाह्यांत हात खुपसून उभ्या होत्या. हात मोकळे सोडले असते तर ते शेगडीकडेच गेले असते.

"बाळा, आज तुला काही देता येत नाही," त्या म्हणाल्या, आणि प्रत्येक शब्दाबरोबर तोंडातून धूर निघत होता. "आज माझ्याकडे बघू नकोस, थंडीकडे बघ. मला माफ कर."

त्याने हातमोजे काढले नाहीत. बराच वेळ थर्मामीटर बघितला, लिहिलं, मग एकेक घर बघत खाली गेला. दोन्या कठड्यावरून वाकून बघत राहिल्या. "माझ्या गावचं पोरगं, उपाशी गेलं गं," म्हणाल्या आणि तिथेच पायरीवर बसून रडल्या. इतके दिवस थंडीने रडल्या नव्हत्या. मी त्यांना घट्ट धरून बसले. मला त्या वेळी त्यांच्याविषयी इतकी माया वाटली की स्वतःच्याच दटावणीचा राग आला.

ठपका बसला तसा मालकाचा पार्ट चंद्रावरून विमानाने आला. रेडिएटर फुसफुसायला लागले. आमच्याकडे ऊब येते ती अशी येते की भर जानेवारीत खिडक्या उघडाव्या लागतात. निल्सा भलीमोठी रिकामी बॅग घेऊन आली ती स्वेटर काढून मासिकाने वारा घेत बसली.

"मम्मी, इथे तर ओर्लँडोपेक्षा उकडतंय!" मग म्हणाली, "तरी चलच तू. पुढच्या वर्षी पुन्हा बिघडला तर?"

दोन्या मांसाला लसूण चोळत होत्या. "पुन्हा फोन करू. योकास्ताचं तोंड आहे ना. आणि आत्ता मी येऊ कशी? तो पोरगा दुरुस्ती तपासायला येणार आहे. मी त्याला माझ्या दारातून उपाशी पाठवलंय. तो जेवल्याशिवाय मी हे घर सोडणार नाही."

"आणि जेवल्यावर?"

"जेवल्यावर भांडी घासायची असतात."

किन्योनेस जेवला. निल्सा बॅगेत पेर्निल भरून परतली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाइपवर बत्त्याचे दणके! मी घाबरून अनवाणी धावले. घर तर चांगलं गरम होतं, आणि दोन्या बत्ता हातात घेऊन हसत उभ्या.

"आता काय झालं?"

"काही नाही गं. आहेस ना, एवढंच विचारलं."